उन्हाने उठणारे पुरळ

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे छत्तीसगढातील मराठी कुटुंबे आप्तांच्या भेटीसाठी किंवा समुद्रदर्शनासाठी पश्चिमेकडे प्रवासास निघतात. दुर्ग व भिलाई या जोडनगरांतील पद्मनाभपुर या वसाहतीतूनही हावडा–नागपूर–मुंबई या लोहमार्गाने कोकणाकडे जाता येते. ज्यांचे सारे आयुष्य कडक उन्हाच्या प्रदेशात गेले, त्यांना कोकणातील सौम्य हवेत उन्हाचा उपद्रव व्हावा, हे प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. परंतु समुद्रकाठी एक-दोन दिवस घालविल्यावर हातांवर, मानेवर व गळ्याखाली तांबूस, खाजरे पुरळ उठल्याची तक्रार अशा प्रवाशांत आढळते. कोणी ते पाण्याचा दोष मानतो, कोणी मासळीचा, तर कोणी आंब्याच्या उष्णतेचा. खरे कारण बहुधा डोक्यावर असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

अदृश्य किरण

सूर्यप्रकाशात दिसणाऱ्या सात रंगांखेरीज इतरही किरण असतात. तांबड्या रंगाच्या अलीकडील अवरक्त किरण उष्णतेच्या रूपाने जाणवतात. जांभळ्या रंगाच्या पलीकडील किरणांचा शोध १८०१ साली योहान विल्हेल्म रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने लावला. चांदीच्या एका क्षारावर वर्णपटाचा परिणाम तपासताना, जेथे कोणताच रंग दिसत नव्हता तेथेच तो क्षार सर्वांत लवकर काळवंडला, असे त्याला आढळले. हेच जंबुपार अथवा अतिनील किरण होत. पृथ्वीवर पोहोचणाऱ्या या किरणांचे दोन वर्ग मानतात. आखूड लांबीचे किरण त्वचा भाजून काढतात. लांब लांबीचे किरण त्वचेत अधिक खोल शिरतात, खिडकीच्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आत येतात आणि खाजऱ्या पुरळास पुष्कळदा तेच कारण होतात. म्हणून मोटारीच्या बंद काचेआड बसून दीर्घ प्रवास करणाऱ्याच्या खिडकीकडील हातावरही पुरळ उठू शकते.

या किरणांचे एक वैशिष्ट्य नीट ध्यानात घेतले पाहिजे. ते त्वचेवर पडत असताना मनुष्यास काहीच जाणवत नाही. आपल्याला जी जाणवते ती उष्णता, आणि उष्णता व जंबुपार किरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. मे महिन्यात पद्मनाभपुरात पारा ४२ अंश सेल्सिअसच्या वर जाणे नवलाचे नसते. तेथील उष्ण वारेच माणसाला दुपारी घरात बसवितात, आणि बाहेर पडणे भागच असले तर डोक्यास व तोंडास कापड गुंडाळल्यावाचून कोणी पडत नाही. याच्या उलट गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर वारा गार असतो, पाय पाण्यात असतात, अंगावर कपडे थोडे असतात, आणि दोन-तीन तास कसे गेले हे कळत नाही. गावी लू त्वचेचे अप्रत्यक्ष रक्षण करीत असते, ते रक्षण समुद्रावर नाहीसे होते. त्यात भर म्हणून कोरडी वाळू सुमारे १५ टक्के व लाटांचा फेस सुमारे २५ टक्के किरण परावर्तित करतो. थंड हवेच्या ठिकाणीही हाच प्रकार होतो. दर हजार मीटर उंचीमागे जंबुपार किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, आणि पचमढी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंच आहे. विरळ ढगांतूनही हे किरण मोठ्या प्रमाणात खाली येतात, त्यामुळे आभाळ आले म्हणजे धोका टळला असे समजू नये.

घड्याळ आणि सावली

‘बारा ते तीन उन्हात जाऊ नये’ असा उपदेश सर्वत्र केला जातो, पण सूर्य घड्याळाप्रमाणे चालत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरविलेली आहे. पद्मनाभपुर या रेखांशाच्या अगदी जवळ, जेमतेम सव्वा अंश पश्चिमेस आहे, तर रत्नागिरी सुमारे सव्वानऊ अंश पश्चिमेस आहे. दर अंशास चार मिनिटे याप्रमाणे हिशेब केल्यास मे महिन्यात पद्मनाभपुरात सूर्य बाराच्या सुमारास माथ्यावर येतो आणि रत्नागिरीस साडेबारा उलटून गेल्यावर येतो. म्हणजे गावी ‘तीन वाजताचे ऊन’ म्हणून ज्याची सवय झालेली असते, त्याच्या बरोबरीचे ऊन कोकणात साडेतीन वाजेपर्यंत टिकते. याहून सोपी खूण स्वतःच्या सावलीची आहे. सावली आपल्या उंचीहून आखूड असेल तर सूर्य पंचेचाळीस अंशांहून वर आहे व किरण तीव्र आहेत. ती उंचीहून लांब झाली की तीव्रता कमी होऊ लागली असे समजावे. ही खूण कोणत्याही गावी आणि कोणत्याही ऋतूत लागू पडते.

पुरळ कोणते, हे कसे ओळखावे

उन्हाळ्यात उठणारे प्रत्येक पुरळ एकाच जातीचे नसते. ते कोठे उठले, केव्हा उठले व किती काळ राहिले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे निदानाचे अर्धे काम होते.

घामोळे हे सर्वांत परिचित. घर्मग्रंथींच्या सूक्ष्म नलिका बुजल्या म्हणजे घाम त्वचेतच अडतो व बारीक, टोचणारे दाणे उठतात. ते पाठ, कंबर, काखा अशा कपड्यांनी झाकलेल्या व दमट राहणाऱ्या भागांवर दिसतात. त्यांचे कारण उष्णता व घाम हे आहे, किरण नव्हे.

खऱ्या सूर्यजन्य पुरळाची जागा नेमकी याच्या उलट, म्हणजे उघड्या भागांवर असते. त्यांतील सर्वांत सामान्य प्रकारास बहुरूपी प्रकाश-पुरळ म्हणता येईल. १९०० साली डेन्मार्कमधील वैद्य कार्ल राश याने त्यास हे ‘बहुरूपी’ विशेषण लावले, कारण कोणास दाणे, कोणास चट्टे, तर कोणास बारीक फोड अशा निरनिराळ्या रूपांत ते प्रकट होते. भारतीयांच्या सावळ्या त्वचेवर ते पुष्कळदा टाचणीच्या डोक्याएवढ्या दाण्यांच्या रूपात, हातांच्या बाहेरील बाजूस व मानेच्या मागे आढळते. ऊन लागल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी ते उठते, अतिशय खाजते, आणि पुन्हा ऊन लागू दिले नाही तर काही दिवसांत व्रण न ठेवता मावळते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते अधिक दिसते. किरणांमुळे त्वचेतील काही द्रव्यांत बदल होतो, त्या बदललेल्या द्रव्यास शरीराची संरक्षक यंत्रणा परके समजते व त्यावर तुटून पडते, अशी त्याची उपपत्ती मानली जाते. हा रोग सांसर्गिक नाही. नेहमी उघडा राहणारा चेहरा किरणांना सरावलेला असल्यामुळे अनेकदा सुटतो, आणि एरवी झाकलेले दंड व गळ्याखालचा भाग त्रास भोगतात. सुटीतच हे पुरळ का उठते, याचे उत्तर यात मिळते.

ऊन लागताच काही मिनिटांत गांधी उठल्या व सावलीत गेल्यावर काही तासांत त्या विरून गेल्या, तर ते सूर्यजन्य पित्त होय. ते विरळ आहे. त्वचा लाल होऊन खाजेपेक्षा आग अधिक होत असेल तर ती उन्हाने भाजली आहे असे समजावे. काही औषधेही त्वचेस उन्हाविषयी हळवी करतात. डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक, रक्तदाबावरील थायाझाइड जातीच्या गोळ्या व सांधेदुखीवर चोळावयाचे कीटोप्रोफेन हे त्यांपैकी होत. लिंबाचा रस अंगाला लागलेला असताना ऊन लागले तर त्या जागी फोड येऊन पुढे काळे डाग पडतात. म्हणून खाज शमविण्यासाठी लिंबू चोळण्याचा उपचार अपायकारक ठरतो.

गाजर गवताचा फसवा पुरळ

सूर्यजन्य म्हणून चुकीने ओळखला जाणारा एक विकार महाराष्ट्रातच प्रथम ठळकपणे पुढे आला. मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील पार्थेनियम हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळले. पांढऱ्या बारीक फुलांचे हे झुडूप पुढे देशभर पसरले व त्यास गाजर गवत, काँग्रेस गवत अशी नावे पडली. १९६८ साली पुण्याच्या डॉ. लोणकर व डॉ. जोग यांनी या वनस्पतीमुळे होणाऱ्या त्वचादाहाची नोंद प्रसिद्ध केली. तिच्यातील पार्थेनिन या द्रव्याचे कण वाऱ्याने उडून उघड्या त्वचेवर बसतात. त्यामुळे पुरळ उठते ते चेहरा, मान व हात यांवर, आणि उन्हाने ते चिघळतेही. रुळांच्या कडेला, पडीक जागी व रस्त्यांच्या दुतर्फा हे गवत वाढते, म्हणून प्रवासात त्याच्याशी सहज गाठ पडते.

दोहोंतील फरक आरशात पाहून ओळखता येतो. प्रकाश सरळ रेषेत जातो. त्यामुळे हनुवटीखाली, कानांमागे व वरच्या पापण्यांवर सावली राहून सूर्यजन्य पुरळ सहसा तेथे उठत नाही. वाऱ्याबरोबर येणारे कण मात्र सावलीतही पोहोचतात, म्हणून गाजर गवताचे पुरळ नेमके पापण्यांवर, कानांमागे व कोपराच्या खोबणीतही दिसते. हा भेद महत्त्वाचा आहे. सूर्यजन्य पुरळ सावलीत बसून बरे होते. गाजर गवताचा विकार मात्र संपर्क न टाळल्यास वर्षानुवर्षे मुरतो व कष्टकऱ्यास शेतही सोडावयास लावतो.

उपचार

पुरळ उठल्यावर पहिला उपाय म्हणजे ऊन बंद करणे. दोन-तीन दिवस सावलीत राहावे, सैल सुती कपडे घालावे व गार पाण्यात भिजविलेल्या फडक्याच्या पट्ट्या खाजऱ्या जागी ठेवाव्या. कॅलामाइनचा लेप खाज शमवितो. नखे कापून ठेवावी, कारण खाजविल्याने त्वचा फाटते व जखमेत पू होतो. घामोळ्यांवर तेलाचा थर देऊ नये. त्याने बुजलेल्या नलिका अधिक बुजतात. खाज असह्य होऊन झोप लागत नसेल तर वैद्याच्या सल्ल्याने खाजेवरील गोळी घ्यावी.

येथे एका धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. औषधांच्या दुकानातून स्वतःच्या मनाने मलम आणून लावण्याची चाल सर्वत्र आहे. यांपैकी पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. पहिल्या दिवशी खाज थांबते म्हणून विश्वास बसतो व मलम महिनोन्‌महिने चालू राहते. परिणामी त्वचा पातळ होते, चेहरा कायमचा लाल राहतो, आणि मुळात नायटा असेल तर तो दडून फोफावतो. २०१८ साली केंद्र शासनाने अशी अनेक मलमे वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत अशा यादीत समाविष्ट केली. वैद्याने नेमून दिलेल्या जागी व नेमक्या दिवसांपुरते हेच औषध मोठे गुणकारी असते. अनर्थ घडतो तो चिठ्ठीवाचून केलेल्या वापराने.

पुरळाबरोबर ताप, सांधेदुखी किंवा तोंडात व्रण असल्यास, दोन्ही गालांवर लाली पसरल्यास, डोळे सुजल्यास अथवा दोन आठवड्यांत पुरळ न मावळल्यास वैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. उन्हात राहिल्यावर भ्रम, भोवळ किंवा फार ताप ही लक्षणे दिसली तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी रोग्याचे अंग तत्काळ पाण्याने थंड करावे व त्यास रुग्णालयात न्यावे.

प्रतिबंध

प्रतिबंधाची साधने घरातच आहेत. लांब बाह्यांचा घट्ट विणीचा सदरा, रुंद काठाची टोपी, डोक्यावरून घेतलेला पदर किंवा उपरणे ही सर्वांत भरवशाची साधने होत. विरळ, पांढरे व ओले कापड मात्र किरणांना पुष्कळसे आत सोडते, म्हणून भिजल्या कपड्यांनी उन्हात बसू नये. छत्री उपयोगी खरी, पण मोकळ्या आकाशातून व वाळूवरून येणारे किरण तिच्याखालीही पोहोचतात. उघड्या भागास लावावयाचे किरणरोधक मलम दोन्ही वर्गांच्या किरणांना अडविणारे असावे. ते उन्हात जाण्यापूर्वी भरपूर लावावे आणि दर दोन तासांनी व पोहून आल्यावर पुन्हा लावावे.

ज्यास दरवर्षी हा त्रास होतो, त्याने त्वचेला हळूहळू सराव द्यावा. प्रवासापूर्वी काही आठवडे सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ बसून तो दिवसेंदिवस किंचित वाढवावा. उन्हाळा जसजसा पुढे सरकतो तसतसे हे पुरळ अनेकांत आपोआप कमी होते, त्याचे कारण हाच सराव होय. सूर्यप्रकाश शरीरास आवश्यक आहे. त्याच्या साहाय्यानेच त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, म्हणून त्याच्या भयाने सुटी घरात कोंडून काढण्याचे कारण नाही. समुद्रावर सकाळी लवकर जावे, सावली आखूड होऊ लागली की परतावे आणि ती लांब झाली की पुन्हा बाहेर पडावे.