कचऱ्याची शाळा (९) : झाकण तरंगतं, बाटली बुडते

या आठवड्यात खंब्यातल्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या मडक्यांतल्या, खताबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण बंगळूरच्या जयनगरमधल्या एका वाचक बाईंचा प्रश्न आला आणि माझं सगळं वेळापत्रक कोलमडलं. त्या विचारतात, "पाण्याची बाटली सुक्या कचऱ्यात टाकताना झाकण लावून टाकायची की काढून? नात म्हणते काढून, सून म्हणते लावून. माझ्या ओट्यावर बाटल्यांची रांग लागली आहे."

आधी निकाल देऊन टाकतो, म्हणजे ओटा मोकळा होईल. बाटली विसळा, हातानं चेपून हवा घालवा आणि मग झाकण परत घट्ट लावा. सून जिंकली. सुटं झाकण इतकं लहान असतं की गोणीतून, गाडीतून कुठेही गळतं आणि पावसाच्या पहिल्या सरीबरोबर गटार गाठतं. युरोपीय संघात तर ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांची झाकणं बाटलीला जोडलेलीच असावी लागतात. पिताना ती नाकाला लागतात म्हणून लोक कुरकुरतात, पण झाकण बाटलीला धरून राहतं.

तरीही नातीचं म्हणणं उडवून लावू नका. बाटली आणि झाकण एकत्र वितळवता येत नाहीत, हे तिला कुठून तरी कळलेलं आहे. बाटली 'पेट' या प्लास्टिकची असते. कडक, पारदर्शक, आतला वायू सहजी बाहेर न सोडणारी. झाकण मात्र आवळल्यावर किंचित दबून बसायला हवं, म्हणून ते पॉलिप्रॉपिलीनचं किंवा एचडीपीईचं करतात. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात १ आकडा दिसेल, झाकणाच्या आत बहुधा २ किंवा ५. ही आकड्यांची पद्धत अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगानं १९८८ मध्ये आणली. आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. त्या वस्तूचा पुनर्वापर होईलच, अशी हमी तो देत नाही.

हे असं सांगून मुलांच्या डोक्यात शिरत नाही. त्यासाठी घमेलं लागतं.

आमच्या वसाहतीतल्या पोरांबरोबर मी हा खेळ नेहमी करतो. एक बाटली, तिचं झाकण, गळ्याशी राहिलेलं कडं, वरचं लेबल, नंदिनी दुधाची धुतलेली पिशवी आणि जुन्या सीडीची पारदर्शक डबी. (सीडी म्हणजे काय, हे आधी समजावून सांगावं लागतं, त्यात पाच मिनिटं जातात.) मोठ्या माणसानं कात्रीनं या सगळ्याचे नखाएवढे तुकडे करायचे. सीडीची डबी तडकते आणि तिच्या कडा धारदार असतात, म्हणून ती फडक्यात गुंडाळून मोडायची. काचेचं मोठं भांडं असलं तर उत्तम, नाहीतर घमेलं आहेच.

तुकडे पाण्यात टाकण्याआधी पैज लावायची. हा खेळाचा प्राण आहे, तो गाळू नका. कोण बुडणार, कोण तरंगणार, हे प्रत्येकानं बोलून दाखवायचं. बहुतेक पोरं सांगतात, झाकण जाड म्हणून बुडेल आणि बाटली पातळ म्हणून तरंगेल. एकजण तर ठासून म्हणाला, "काका, हलसूर तलावात बाटल्या तरंगतानाच दिसतात!"

मग तुकडे सोडायचे. झाकण वर राहतं. कडं वर. लेबल वर. दुधाची पिशवी वर. बाटलीचे तुकडे मात्र गिरक्या घेत तळाशी जातात, आणि सीडीची डबीही. क्षणभर कोणी बोलत नाही, मग एकदम गलका. तलावावर तरंगते ती बाटली नव्हे, तिच्यातली हवा, हे कोणीतरी स्वतःच बोलतं. ते वाक्य मी कधीच आधी बोलून टाकत नाही.

इथे एक अडचण हमखास येते. बाटलीचा एखादा तुकडा हट्टानं वरच राहतो. जवळून पाहिलं तर त्याच्या पोटाला बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, तुकडा बोटांनी पाण्याखाली चोळायचा. बुडबुडे सुटतात आणि तो मुकाट्यानं खाली जातो.

कारण सोपं आहे. पाण्याची घनता १ धरली, तर पॉलिप्रॉपिलीनची साधारण ०.९०, दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकची ०.९२ च्या आसपास, एचडीपीईची ०.९५. ही सगळी पाण्याहून हलकी. पेटची १.३८. सीडीच्या डबीचं पॉलिस्टायरीन १.०५, म्हणजे पाण्यापेक्षा जेमतेम जड. आता पेलाभर पाण्यात तीन मोठे चमचे मीठ विरघळवा आणि तळाशी गेलेले तुकडे त्यात टाका. सीडीची डबी वर येते, बाटली खालीच. एका घमेल्यानं आणि चिमूटभर शहाणपणानं तीन गट झाले.

पेटच्या बाटल्यांचे तुकडे धुणाऱ्या कारखान्यांत पाण्याची जी टाकी असते, ती याच तत्त्वावर चालते. बाटल्या दळून टाकीत सोडतात, झाकणं आणि कडी वरून गाळून घेतात, पेट तळातून काढतात. म्हणूनच तर सून जिंकली. झाकण बाटलीला लागून कारखान्यापर्यंत पोहोचलं, तर पाणी त्यांची फारकत करतं. वाटेतच हरवलेल्या झाकणाला मात्र कोणीच विचारत नाही.

पण पाण्याचीही मर्यादा मुलांना दाखवावी. विजेच्या वायरचं वरचं आवरण सोलून त्याचा तुकडा टाका. ते पीव्हीसी, घनता १.३ ते १.४. साध्या पाण्यात बुडतं, मिठाच्या पाण्यातही बुडतं आणि पेटच्या शेजारी जाऊन बसतं. पेट वितळायला २५० अंशांच्या वर तापवावं लागतं. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी टिकत नाही. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि आख्खा घाणा पिवळा-तपकिरी पडतो. काही बाटल्यांना खालपासून वरपर्यंत घट्ट चिकटलेलं लेबल असतं, त्यातली काही पीव्हीसीची असतात. चिप्सच्या पाकिटाची गोष्ट आणखी वेगळी. ते तरंगतं, म्हणून पोरं त्याला पास करतात. पण त्यात प्लास्टिकच्या थरावर अॅल्युमिनियमचा झिरझिरीत मुलामा असतो. थर एकमेकांत असे बसवलेले की पाणी काय, चाकूसुद्धा त्यांना वेगळं करत नाही. कारखान्यात जे एकजीव केलं, ते घमेल्यात सुटत नाही.

जिथे पाणी हरतं तिथे माणसाचे डोळे आणि बोटं लागतात. बंगळूरमध्ये डिसेंबर २०१५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानं घरोघरी दोन डबे आणि एक पिशवी आली: हिरव्यात ओला, लाल डब्यात सॅनिटरी वगैरे, पिशवीत सुका. ही पिशवी प्रभागातल्या सुका कचरा संकलन केंद्रात जाते. 'हसिरु दळ' या कचरावेचकांच्या संघटनेमुळे यातली कित्येक केंद्रं आज पूर्वीचे कचरावेचकच चालवतात. जमल्यास मुलांना एखाद्या केंद्रात न्या. तिथल्या बाया पिशवी मुठीत चुरगळतात आणि नुसत्या आवाजावरून तिची जात ओळखतात. आपल्याला घमेलं, मीठ, साबण एवढा सरंजाम लागला, त्यांना एक मूठ पुरते. आपल्या पोरांनी त्यांना 'कचरेवाली' म्हटलेलं ऐकलंत, तर पोरांना एकदा डोळे मिटायला लावा, हातात चार पिशव्या द्या आणि ओळखायला सांगा.

आता एक वाद ओढवून घेतो. शाळांतून 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून बाटलीचा पेनस्टँड करवून घेतात, चमकी चिकटवतात, रंग लावतात. हौस म्हणून ठीक आहे. पण फेव्हिकॉल, चमकी आणि रंग लागलेली बाटली कुठल्याच टाकीत पेट म्हणून परत जाऊ शकत नाही. सहा महिन्यांनी पेनस्टँड कचऱ्यात येतो, तेव्हा तो आधीपेक्षा निरुपयोगी झालेला असतो. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून असंख्य खेळणी केली, त्यांच्याशी याची गल्लत नको. त्यांचं खेळणं मुलांनी मोडून, उघडून बघावं म्हणूनच असतं, आणि त्यातून एखादं तत्त्व हाती लागतं. पेनस्टँडमधून काय हाती लागतं? माझं म्हणणं एवढंच, की पुनर्वापर शिकवायचा तर मुलांना चिकटवायला शिकवण्याआधी सुटं करायला शिकवा. जे सहज सुटं होतं तेच परत उपयोगी पडतं, आणि ज्यानं हे हातानं करून पाहिलं तो दुकानात पाकीट उचलतानाही त्याचा विचार करतो.

पुढच्या वेळेसाठी गृहपाठ. टपरीवरचा चहाचा एक कागदी कप विसळून रात्रभर गरम पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी कडेपासून फाडून, आतून एखादा पातळ पापुद्रा सुटतो का ते मुलांना बघू द्या. जे मिळेल ते घमेल्यात टाका, तरंगतं की बुडतं ते पाहा आणि वरच्या यादीत त्याची जात शोधा. उत्तरं कळवा. खंबा त्यानंतर, नक्की.