डोळ्यांनी हाकायची गाडी

इंग्लंडमध्ये हिवाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी शाळेच्या क्रीडागृहात डोकावलात, तर बॅडमिंटनच्या रेघांवर माणसं कार्पेटच्या गुंडाळ्या उलगडताना दिसतील. कडा टेपने चिकटवतात, लाकडी पट्ट्यांनी वळणं आखतात, प्लायवूडच्या उतरंडी मांडून उड्यांची सोय करतात. भिंतीकडेच्या टेबलांवर निवृत्त आजोबा, शाळकरी मुलं आणि दिवसभर खऱ्या मोटारी दुरुस्त करणारे मेकॅनिक शेजारीशेजारी बसून हातभर लांबीच्या गाड्यांचे स्क्रू पिळत असतात. त्या घोळक्यात आयुष्यातली पहिली शर्यत खेळायला आलेला एखादा नवखाही असतो. आपण खेळण्याशी खेळणार आहोत, अशी त्याची समजूत असते. ती फार टिकत नाही.

वाढदिवसाला मिळणाऱ्या रिमोटच्या साध्या गाडीला बहुधा तीनच गोष्टी कळतात: पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि सरळ. शर्यतीच्या गाडीचं तसं नाही. तिची पुढची चाकं वळवायला सर्व्हो नावाची छोटी मोटर असते आणि तिला हुकूम मिळतो तो विजेच्या ठोक्याच्या लांबीतून. दीड मिलिसेकंदाचा ठोका म्हणजे सरळ. एक मिलिसेकंदाचा म्हणजे एक टोक, दोनचा म्हणजे दुसरं. मधल्या प्रत्येक लांबीला चाकाचा मधला एकेक कोन ठरलेला. जुन्या पद्धतीत असे ठोके सेकंदाला पन्नास वेळा जात, आता त्याहून कितीतरी जास्त वेळा जातात. रिमोटवरचं चाक बोटाने केसभर हलवलं की ठोका किंचित लांबतो आणि ते लांबणं पलीकडे कोन होऊन उतरतं. वेळ मोजून वळणारी गाडी! याची कितीही सवय झाली तरी मला ते नवलच वाटतं.

निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओलहरींवर चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली, तेव्हा पाण्याच्या टाकीत बोट एकच होती. इथे एका वेळी आठ-दहा गाड्या धावतात. पूर्वी प्रत्येकाच्या रिमोटमध्ये ठरावीक फ्रिक्वेन्सीचा क्रिस्टल असे. दोघांचा एकच निघाला आणि एकाने टेबलाशी बसून नुसता रिमोट चालू केला, तरी ट्रॅकवरची दुसऱ्याची गाडी पिसाळायची. आता बहुतेक सगळे रिमोट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. रिमोट आणि गाडीतला रिसीव्हर यांची एकदा जोडी जमवून दिली की रिसीव्हर फक्त आपल्या जोडीदाराचा संकेतांक मानतो, आणि दोघं मिळून एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर उड्या मारत राहतात. हॉलमधलं पंधरा मीटरचं अंतर रेडिओलहर सेकंदाच्या दोन कोटीव्या भागात कापते. उशीर होतो तो माणसाकडून.

खरी गोम इथेच आहे. मोटार चालवणाऱ्याला गाडी अंगाने कळते. मागची चाकं घसरू लागली की आधी ते पाठीला जाणवतं, स्टिअरिंग हाताशी बोलतं. इथे चालक उंच मंचावर ढिम्म उभा आणि गाडी दहा मीटर लांब. पतंगाला निदान मांजा असतो, त्याची ओढ हाताला लागते. या गाडीकडून हाताला काहीच येत नाही. घसरण, पकड, वेग, सगळं डोळ्यांनीच ओळखायचं. काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. सरळ पट्ट्यावर ताशी ४० किलोमीटरने निघालेली गाडी तेवढ्यात सव्वादोन मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या साडेपाचपट. गाडी जिथे दिसते तिथे ती नसतेच. म्हणून मुरलेले चालक नजर गाडीच्या पुढे ठेवतात.

त्यातच डाव्या-उजव्याचा घोटाळा. गाडी आपल्यापासून लांब जाते तोवर सगळं ठीक. ती वळून आपल्याकडे यायला लागली की तिचं डावं ते आपलं उजवं. डोक्यात हिशेब करत बसलं तर गाडी पट्टीवर आदळलीच म्हणून समजा. त्याला उपाय एकच, मनाने गाडीत जाऊन बसायचं. सरावाने ते इतकं अंगवळणी पडतं, की वळण घेताना मंचावरची अनुभवी माणसंसुद्धा नकळत खांदे तिरपे करतात.

आता उडी. गाडी खरीच्या दहाव्या हिश्शाची केली, पण गुरुत्वाकर्षण काही लहान होत नाही. तीन मीटरवरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीवर यायला पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. तीस सेंटिमीटरवरून पाव सेकंद. दहापट लहान जगात घटना सव्वातीनपट झपाट्याने घडतात, डोळे आणि बोटं मात्र मूळ मापाचीच राहतात. तरीही निष्णात चालक हवेतल्या गाडीचं नाक वरखाली करतात. हवेत रिमोटवरचा वेगाचा ट्रिगर ओढला की चाकं आणखी जोरात पुढे फिरतात, आणि जमिनीचा आधार नसल्यामुळे त्याची भरपाई म्हणून गाडीचं धड उलट्या दिशेला फिरतं: नाक वर. ब्रेक दाबला की चाकांचा फेर धडात उतरतो: नाक खाली. कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचा जो नियम पुस्तकात रुक्ष वाटतो, तो इथे तर्जनीच्या एका हालचालीत डोळ्यांसमोर घडतो. चौचाकी ओढीच्या गाडीत तर फारच ठळक, कारण चारही चाकं कामाला लागतात.

गाडीच्या पोटात शिरलं तर तिथेही अशाच करामती. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर जायचं असतं, म्हणून डिफरेन्शियल लागतो. कॉसवर्थ या रेसिंग इंजिनांच्या कंपनीत काम केलेल्या सेसिल शूमाकर या इंग्लिश अभियंत्याने छोट्या गाड्यांसाठी दात्यांऐवजी बारीक गोळ्यांचा डिफरेन्शियल बनवला. दोन गुळगुळीत कड्यांमध्ये साबुदाण्याहून लहान गोळ्यांचं रिंगण दाबून बसवलेलं असतं आणि एक स्क्रू पिळून तो दाब कमी-जास्त करता येतो. फार सैल ठेवला तर कडी घसरून गोळ्या झिजतात, फार आवळला तर गाडी वळायला कुरकुरते. १९८७ ची जागतिक स्पर्धा इंग्लंडमध्ये झाली, तेव्हा चौचाकी गटात जपानचा मासामी हिरोसाका शूमाकरच्याच गाडीवर जिंकला. पुढे त्याच्या नावावर एकूण १४ जागतिक विजेतेपदं लागली.

नवख्याला तूर्त विजेतेपदाची काळजी नको. पात्रता फेरी पाच मिनिटांची. गाड्या एकामागोमाग एक सोडतात आणि प्रत्येकीचं घड्याळ वेगळं चालतं. कार्पेटखाली तारेचं एक वेटोळं असतं. त्यावरून जाताना गाडीतला ट्रान्सपाँडर आपला क्रमांक कळवतो आणि संगणक वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत टिपतो. पाच मिनिटं झाली की चालू फेरी पुरी करायची. ज्याच्या फेऱ्या जास्त तो वर, फेऱ्या सारख्या असल्या तर ज्याला वेळ कमी लागला तो वर. हिशेब करून पाहा. वीस सेकंदांची फेरी धरली तर पाच मिनिटांत पंधरा. एकदा गाडी उलटून सहा सेकंद गेले, तर ते भरून काढायला दर फेरीला ०.४ सेकंद वाचवावे लागतात, आणि एवढे नवख्याच्या हातात नसतात. त्याने वेगाचा नाद सोडून चाकं जमिनीवर ठेवली, तर त्याच्याहून जलद पण धसमुसळे दोघेतिघे आपोआप मागे पडतात. शेवटी क्रमवारीप्रमाणे अ, ब, क असे गट पाडून अंतिम शर्यती होतात. सगळ्यात खालच्या गटातली चुरस बघण्यासारखी असते, कारण तिथे सगळे सारखेच कच्चे!

आपली शर्यत संपली म्हणून लगेच चहाकडे वळायचं नाही. जे आत्ता धावले त्यांनी पुढच्या शर्यतीला मार्शल म्हणून उभं राहायचं, असा रिवाज आहे. वळणाशी उभं राहून उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. आधी येणाऱ्या गाड्या बघायच्या, मग पाऊल टाकायचं. गाडी जिथे पडली तिथेच ठेवायची, आणि बोटं चाकांपासून दूर, कारण मंचावरचा उतावीळ मालक ट्रिगर ओढतच असतो. मंचावरून न कळणारी एक गोष्ट या जागी कळते. सर्वांत जलद चालकाची गाडी पायांपाशी येते, तेव्हा तिच्या मोटरचा आवाज नवख्याच्या अंदाजापेक्षा बराच आधी उतरतो, आणि वळण संपायच्या आत पुन्हा चढायला लागलेला असतो.