ऑटोरन बंद झालं तेव्हा

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. हिंगोली-वाशिम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्यासारख्या गावांत झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि सातबारा एकाच टेबलावर मिळतात. तिथल्या संगणकांपुढे आता मुख्य रस्ता विंडोज 11 चा आहे. ही प्रणाली मात्र बसवतानाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. कारण सांगितलं जातं सुरक्षिततेचं. हे कारण कितपत टिकतं ते पाहायला 2001 ते 2011 हे दशक उघडावं.

2001 च्या विंडोज एक्सपीत घरचा प्रत्येक वापरकर्ता अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होता आणि फायरवॉल बंद. ऑगस्ट 2003 मध्ये ब्लास्टर या वर्मने धुमाकूळ घातला, तेव्हा कुठे 2004 च्या सर्व्हिस पॅक 2 ने ती आपसूक चालू ठेवली. देवनागरी मात्र बंदच राहिली: कंट्रोल पॅनेलमध्ये खूण करा, सीडी घाला, मग युनिकोड मराठी नीट दिसणार. उलट पेनड्राइव्हला दार सताड उघडं. ड्राइव्हवर डबल-क्लिक केलं की ऑटोरनच्या फाइलीत लिहिलेला प्रोग्राम चालू. 2008 च्या अखेरीस आलेल्या कॉनफिकर या वर्मनेही हीच वाट वापरली. विंडोज 7 ने 2009 मध्ये ती बुजवली, जुन्या मशीनवर फेब्रुवारी 2011 च्या अपडेटने. एकाही दुकानदाराला त्यासाठी शिकवणी लागली नाही. ज्याने सेटिंग कधी उघडलंच नाही, तोही वाचला. मूळ सेटिंग सुरक्षित हवं, ते याचसाठी.

यावर कुणी म्हणेल, लोक कशावरही 'येस' दाबतात, मग त्यांना बदलाची मुभा द्यायचीच कशाला? 2007 च्या व्हिस्टाने उठसूट परवानगी मागितली आणि लोक न वाचता बटण दाबू लागले, हे खरं. पण दोष प्रश्नांच्या भडिमाराचा होता. विंडोज 7 ने प्रश्न कमी केले, किती विचारावेत हे ठरवायला पट्टी दिली, आणि तक्रार निवळली. मुभा काढून घ्यावी लागली नाही.

आज नेमकी तीच मुभा आक्रसतेय: खातं सुरुवातीलाच मागितलं जातं. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीत बहुतेक नव्या मशीनवर खात्याने आत शिरताच डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि रिकव्हरी की त्या खात्यात जाते. मशीन सुरू करताना वापरलेलं खातं दुकानदाराचं असेल तर तुमच्या लॅपटॉपची किल्लीही त्याच्याकडेच. चोरापासून बचाव उत्तम, पण मालकालाच बाहेर ठेवणारी सुरक्षितता अर्धवट आहे. मशीन घरी नेण्याआधी ती 48 अंकी की कागदावर छापून घ्या.