दंत सहायक प्रमाणपत्र : खर्च किती, मिळकत किती?

दहावी-बारावीचे निकाल लागले की खासगी संस्थांच्या जाहिरातींत दंत सहायक प्रमाणपत्राचे नाव दिसू लागते. तीन महिने ते एक वर्षाची मुदत, हप्त्यांत शुल्क भरण्याची सोय आणि 'शंभर टक्के नोकरी'ची ग्वाही असे त्यांचे स्वरूप असते. ही नोकरी किती वेतनाची, याचा उल्लेख मात्र सहसा नसतो. लवकर मिळवते होण्याची गरज असलेल्या विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींना, हा मार्ग जवळचा वाटतो. परंतु त्यावर केलेला खर्च किती दिवसांत वसूल होईल, याचा हिशेब प्रवेशापूर्वी क्वचितच मांडला जातो.

काम कसबाचे आहे, यात शंका नाही. रुग्णाला खुर्चीवर बसविणे, उपचाराला लागणारी उपकरणे ट्रेमध्ये क्रमाने मांडणे, उपचार चालू असताना सक्शनने तोंडातील पाणी व लाळ ओढून घेणे, सिमेंट कालवणे आणि शेवटी उपकरणे धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करणे, असा दंत सहायकाचा दिवस जातो. दातांचे माप घेण्यासाठी वापरले जाणारे अल्जिनेट काही मिनिटांतच घट्ट होते. पाण्याचे प्रमाण चुकले तर माप वाया जाते आणि रुग्णाला पुन्हा तोंड उघडून बसावे लागते. रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत आणि सुया पांढऱ्या, सहज न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकणे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार बंधनकारक आहे. प्रश्न इतकाच की, हे कसब शिकण्यासाठी शुल्क भरावे की दवाखान्यात वेतन घेत ते शिकावे? देशातील अनेक खासगी दवाखान्यांत आजही दुसरीच पद्धत रूढ आहे.

याचे एक कारण कायद्यात सापडते. १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने दंतवैद्याव्यतिरिक्त दोन व्यवसायांची व्याख्या केली. दात साफ करणारे व त्यांना झिलई देणारे 'डेंटल हायजिनिस्ट' आणि कवळ्या तयार करणारे किंवा दुरुस्त करणारे 'डेंटल मेकॅनिक' हे ते दोन व्यवसाय. त्यांच्यासाठी नोंदणीची तरतूद झाली. खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या सहायकाची व्याख्या मात्र त्या अधिनियमाने केली नाही. या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. कायदा कोणताही असो, खासगी संस्थेचे अल्प मुदतीचे प्रमाणपत्र म्हणजे परिषदेतील नोंदणी नव्हे. 'अभ्यासक्रमानंतर स्वतः दात साफ करता येतील' असे कोणी सांगत असल्यास त्यापासून दूर राहिलेले बरे.

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले असून वाचकांनी त्या जागी आपल्या गावातील आकडे घालावेत. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क ४० हजार रुपये आणि प्रवास, गणवेश, परीक्षा यांचा खर्च ८ हजार रुपये धरू. हा दिसणारा खर्च झाला. न दिसणारा खर्च त्याहून मोठा आहे. त्याच सहा महिन्यांत दवाखान्यात मदतनीस म्हणून दरमहा १२ हजार रुपये मिळाले असते, तर ७२ हजार रुपयांची मिळकत बुडाली. एकूण खर्च झाला १ लाख २० हजार रुपये.

दरम्यान, ज्या मुलीने शुल्क न भरता काम धरले, तिच्या गाठी सहा महिन्यांचा अनुभव जमा झालेला असतो. त्यामुळे प्रमाणपत्रधारकाला मिळणाऱ्या संपूर्ण वेतनाला अभ्यासक्रमाचे फळ मानणे चुकीचे ठरते. पाहायचा तो या दोघींच्या वेतनातील फरक. तो दरमहा १ हजार रुपये असेल तर खर्च वसूल होण्यास दहा वर्षे लागतात. २ हजार असेल तर पाच वर्षे आणि ४ हजार असेल तर अडीच वर्षे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने किमान वेतनाचा हक्क सर्व कर्मचाऱ्यांपर्यंत नेला आहे. त्याची अंमलबजावणी जितकी नेटाने होईल, तितका अप्रशिक्षित मदतनिसाच्या वेतनाचा पाया उंचावेल आणि हा फरक कमी होण्याचा संभव आहे.

अर्थात, सर्वांची परिस्थिती सारखी नसते. ओळखीचा दंतवैद्य नाही, अनुभवावाचून कोणी दारात उभे करीत नाही आणि घरची मंडळी 'काही तरी शीक, मग नोकरी कर' म्हणतात, अशा मुलीची बुडणारी मिळकत शून्यच धरावी लागेल. तिचा खर्च ४८ हजारांवर येतो आणि २ हजारांच्या फरकाने दोन वर्षांत फिटतो. तिच्यासाठी प्रमाणपत्र हे दार उघडण्याचे साधन आहे आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही.

वेतनातील फरक कोठे पडतो, हेही पाहावे. देशात ३०० हून अधिक दंत महाविद्यालये असून तेथून दरवर्षी हजारो पदवीधर बाहेर पडतात. मोठ्या शहरांत नवपदवीधर दंतवैद्यांनाच अल्प वेतनावर काम करावे लागते. तेथे एका खुर्चीच्या दवाखान्याकडून सहायकाला भरघोस वेतन मिळेल, अशी अपेक्षा व्यर्थ आहे. इम्प्लांट किंवा वेड्यावाकड्या दातांवरील उपचार करणारी केंद्रे, रुग्णालये आणि अनेक शाखांच्या साखळ्या येथे प्रशिक्षित हाताला अधिक किंमत असते. आणखी एक भेद सुविधांचा. कर्मचारी राज्य विमा योजना साधारणतः दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना, तर भविष्यनिर्वाह निधी वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्यांना लागू होतो. दोन-तीन जणांच्या दवाखान्यात यांपैकी काहीच सहसा पदरी पडत नाही.

शुल्काचा बोजा टाळण्याचा मार्गही आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत प्रशिक्षणार्थीकडून शुल्क न घेण्याचे धोरण ठेवण्यात आले. अशा विनाशुल्क अभ्यासक्रमाचे केंद्र आपल्या जिल्ह्यात चालू आहे का, याची चौकशी आधी करावी. तीन महिन्यांत बुडणारे वेतन ३६ हजार आणि इतर खर्च ४ हजार धरला, तरी २ हजारांच्या फरकाने तो वीस महिन्यांत भरून निघतो. बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेल्यांनी हायजिनिस्ट किंवा मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या मान्यताप्राप्त पदविकेचाही विचार करावा. मुदत व खर्च अधिक असला, तरी तेथे शेवटी नोंदणी पदरात पडते.

संस्थेचे माहितीपत्रक वाचण्याआधी एक दुपार परिसरातील चार-पाच दवाखान्यांसाठी राखून ठेवावी. नव्या प्रमाणपत्रधारकाला काय देता आणि वर्षभर काम केलेल्याला काय देता, हे दोनच प्रश्न विचारावेत. शक्य झाल्यास तेथील सहायिकांशीही बोलावे. संस्थेकडे गेल्या दोन तुकड्यांतील विद्यार्थी कोठे काम करतात, हे विचारावे आणि प्रशिक्षणाचे किती तास प्रत्यक्ष दवाखान्यात होतात, ते लेखी घ्यावे. हेपेटायटिस-बी लसीच्या तीन मात्रा पूर्ण होण्यास सहसा सहा महिने लागतात. जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांचे हे लसीकरण करून घेण्याची जबाबदारी २०१६ च्या नियमांनी दवाखान्यावर टाकली आहे. त्यामुळे हा खर्च उमेदवाराने आपल्या खात्यावर मांडण्याचे कारण नाही.