सागाचा गाभा घाईने भरत नाही

परतवाड्याच्या लाकूड आगारात सागाचा ओंडका टोकाकडून पाहावा. मधे सोनेरी-तपकिरी गाभा, भोवती फिकट कडा, बाहेर साल. नीट पाहिलं तर बारीक छिद्रांच्या गोल ओळीही दिसतात. वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला मोठी छिद्रं पडतात, म्हणून अशी एक ओळ म्हणजे बहुधा एक वर्ष. मेळघाटातल्या सागाची ही जन्मपत्रिकाच. तरीही लाकूड कसं घडतं याबद्दल चुकीचे समज रुजलेले आहेत, आणि त्यांचा फटका धुऱ्यावर साग लावणाऱ्या शेतकऱ्याला बसतो.

गैरसमज : खोड खालून वर सरकत वाढतं.
वस्तुस्थिती : धुऱ्यावरच्या झाडाला तारेसाठी ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही त्याच उंचीवर सापडतो, फक्त लाकडात बुडालेला. उंची शेंड्याला वाढते. जाडी वाढते ती सालीखालच्या कँबियम या पातळ थरामुळे. तो आतल्या अंगाला लाकूड आणि बाहेरच्या अंगाला अन्न वाहणारी साल तयार करतो.

गैरसमज : लाकूड मातीतून येतं.
वस्तुस्थिती : सतराव्या शतकात शास्त्रज्ञ व्हॅन हेल्मोंट यांनी विलोचं रोप 5 वर्षं कुंडीत वाढवलं. झाडाचं वजन सुमारे 74 किलोंनी वाढलं, माती मात्र जेमतेम 57 ग्रॅम घटली. ही वाढ पाण्याची, असं त्यांना वाटलं. लाकडातला कर्ब हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, हे पुढे कळलं.

गैरसमज : गाभा म्हणजे झाडाचा जीव.
वस्तुस्थिती : गाभ्यातल्या पेशी मेलेल्या असतात. म्हणून पोकळ झाडही वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण खोडाभोवतीची साल कँबियमसकट सोलली की वाळतं. गाभा तयार होताना त्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं साठतात, म्हणून वाळवी त्याला सहसा लागत नाही. फिकट कडेला हे कवच नसतं.

गैरसमज : चांगल्या लाकडाचं एकच जनुक असतं. ते सापडलं की झालं.
वस्तुस्थिती : झाडांमध्ये सर्वांत आधी, 2006 साली, पॉप्लरचा जनुकसंच वाचला गेला. 2018 मध्ये कोइंबतूरच्या वन आनुवंशिकी व वृक्ष प्रजनन संस्थेतल्या संशोधकांनी सागाच्या जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात सुमारे 36 हजार जनुकं आढळली. पानात आणि खोडात संच तोच असतो, कुठली जनुकं कुठे आणि केव्हा चालू होतात एवढाच फरक. सेल्युलोज विणणारी, लिग्निन भरणारी, त्यांना हुकूम देणारी अशी अनेक जनुकं मिळून लाकूड घडवतात. माती आणि पाऊसही त्यात वाटेकरी असतात.

गैरसमज : टिश्यू कल्चरचा साग म्हणजे जनुक बदललेलं झाड, काही वर्षांत पक्कं लाकूड देणारं.
वस्तुस्थिती : पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी 1980 मध्येच या पद्धतीने सागाची रोपं तयार केल्याचं प्रसिद्ध केलं. तिच्यात बाहेरचं जनुक घालत नाहीत. ही निवडलेल्या झाडाची नक्कल असते. मूळ झाड उत्तम असेल तरच रोप उत्तम. आणि रोप कितीही जोमदार असलं, तरी कोवळ्या ओंडक्यात फिकट लाकूडच जास्त असतं.

जनुकसंशोधन चांगला मातृवृक्ष ओळखायला मदत करतं, पण गाभ्याला लागणारी वर्षं गाळून देत नाही. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, रोप घेताना "किती वर्षांत पैसे?" याआधी "मातृवृक्ष कुठला?" हे विचारा. आणि उद्या ओंडका मोजाल तेव्हा गोलाईबरोबर गाभाही मोजा.