स्वमत कोणाचे?

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाची एक कृती असते. पाठ वाचून विद्यार्थ्याने आपले मत आपल्या शब्दांत मांडावे, अशी तिच्यामागची अपेक्षा. कल्पना उत्तम आहे. परंतु बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकांत या स्वमताचीही तयार उत्तरे छापलेली असतात आणि कित्येक विद्यार्थी ती पाठ करूनच दहावीची वेस ओलांडतात. स्वतःचे मत दुसऱ्याच्या पुस्तकातून पाठ करायचे, याहून मोठा विनोद कोणता?

हा विनोद केवळ परीक्षेपुरता असता तर त्यावर हसून पुढे जाता आले असते. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला शाळेविषयी काय वाटते, त्याला कोणती करमणूक हवी, त्याने मोबाइल किती वेळ पाहावा, या साऱ्यांची उत्तरेही आपल्याकडे त्याला न विचारताच ठरतात. तो काही बोललाच तर ‘तुला काय कळतंय?’ हे वाक्य तयार असते. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा जो करार स्वीकारला, त्याच्या बाराव्या कलमात मुलाला आपल्या संबंधीच्या गोष्टींत मत मांडण्याचा हक्क दिला आहे. त्याचे वय आणि समज पाहून त्या मताला योग्य ते महत्त्व द्यावे, असेही त्यात आहे. भारताने १९९२ साली हा करार मान्य केला. मात्र जुन्नर-आंबेगावच्या घराघरांत तो अजून पोहोचायचा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करायला हवा. आवड म्हणजे मत नव्हे. ‘मला हे गाणे आवडते’ ही आवड झाली. तिला कारण द्यावे लागत नाही. ‘हे गाणे चांगले आहे’ असे म्हटले की त्याचे मत होते, आणि मग ‘का?’ या प्रश्नाला उत्तर देणे भाग पडते. आवड उपजत असते, मत मात्र कमवावे लागते. ते कमावण्याची संधी आजच्या कुमारवयीन मुलाला कोठे मिळते, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शाळेपासून सुरुवात करू. शाळा कंटाळवाणी वाटते, ही मुलांची तक्रार जुनीच आहे. तिच्या मुळाशी आळस असतो, असे थोरांना वाटते. परंतु बारकाईने ऐकले तर मुलांचे म्हणणे वेगळे असल्याचे दिसते. शाळेत प्रश्न शिक्षकांनी विचारायचा आणि उत्तर पुस्तकात असायचे, मग मधल्या मुलाचे काम काय? गुरुजनांनी राग मानू नये; साठ-सत्तर मुलांचा वर्ग, अपुरा वेळ आणि डोक्यावर बोर्डाची परीक्षा असताना प्रत्येकाला बोलते करणे सोपे नाही, याची विद्यार्थ्यांनाही जाणीव आहे.

तरीही हे घडू शकते, याचा दाखला आपल्याच तालुक्यात आहे. नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या प्रयत्नांतून महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अवकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओलहरी टिपतात. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने तेथे विज्ञान प्रदर्शन भरते आणि गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांतील मुले आपापल्या प्रतिकृती घेऊन येतात. तेथे मुलाला आपल्या टेबलाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगावे लागते, की हे यंत्र असे का चालते. समोर कधी शास्त्रज्ञ असतो, तर कधी शेजारच्या गावचा शेतकरी. मार्गदर्शकातले उत्तर तेथे उपयोगी पडत नाही. पुढचा प्रश्न आला की स्वतःच विचार करावा लागतो. वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलालाही तेथे कंठ फुटतो. म्हणजे उणीव मुलात नसून संधीत आहे.

आता करमणुकीकडे वळू. आपला हा भाग म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन जत्रेची सुपारी देऊन जातात. विठाबाई नारायणगावकरांचे नाव तर महाराष्ट्रभर गाजले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत याच कलेवर अश्लीलतेच्या आरोपावरून मुंबई सरकारने बंदी घातली होती. पुढे ती उठली. विठाबाईंचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला आणि आज राज्य शासनाचा तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. तरुणांना बिघडवणारी म्हणून जिच्याकडे पाहिले, तीच पुढे परंपरा म्हणून गौरवली गेली. करमणुकीविषयीची थोरांची मतेही कायमची नसतात, एवढा बोध यातून घ्यायला हरकत नाही.

या जुन्या करमणुकीत एक गुण होता. ती सर्वांनी मिळून पाहायची असे. बतावणी रंगली तर हशा, फसली तर आरडाओरडा. प्रेक्षकाचे मत तेथल्या तेथे कळे आणि सोंगाड्या त्याला तेथेच उत्तरही देई. दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा व्हायची ती वेगळीच. आज मुलगा तोच वग किंवा तेच गाणे एकटा, कानात बोंडे घालून पाहतो. त्याला ते आवडले की नाही, हे शेजारी बसलेल्या आईलाही कळत नाही.

आपल्याकडच्या कुमारवयीन मुलांचा खरा जीव मात्र बैलगाड्यात आहे, हे मान्यच करायला हवे. घाटात एकेक गाडा सुटतो, पुढे घोडी धावते, सेकंदांवर निकाल लागतो आणि पाहता पाहता ती बारी शेकडो मोबाइलवर फिरू लागते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा आज दहावीत असलेली मुले अगदी लहान होती. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. या नऊ वर्षांत दोन्ही बाजूंनी काय काय मांडले गेले! एका बाजूने मुक्या जनावराच्या यातना, दुसऱ्या बाजूने खिल्लार जातीची जोपासना, शेतकऱ्याचा जिव्हाळा आणि यात्रेची परंपरा. ‘बैल पळालाच पाहिजे’ ही आपल्या मुलांची आवड आहे. परंतु दोन्ही बाजू ऐकून, अटी का घातल्या हे समजून, तरीही शर्यत असावी असे जो मुलगा सांगू शकेल, त्याचे ते मत झाले. नागरिकशास्त्राच्या तासाला याहून चांगला विषय कोणता मिळणार? पण किती वर्गांत यावर वादविवाद झाला असेल?

शाळेत बोलता येत नाही, करमणूक एकट्याची झाली. मग मुलगा बोलतो कोठे? इंटरनेटवर. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. २०१६ नंतर ते स्वस्त होऊन शेताच्या बांधापर्यंत आले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि कालपर्यंत ज्या मोबाइलवरून बोलणी बसत होती, तोच हातात देऊन ‘आता यावर शीक’ असे सांगण्यात आले. त्यातही विषमता होतीच. नारायणगाव-मंचरच्या मुलाला जे जमले, ते डिंभे धरणाच्या पलीकडील किंवा नाणेघाटाच्या बाजूच्या आदिवासी वाड्यांतील मुलाला जमणे कठीण होते. तेथे रेंज नाही, आणि घरात एकच फोन, तोही वडिलांबरोबर रानात गेलेला. सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ मालिका पाहावी, तर घरात दूरदर्शन संच असायला हवा. २०२१ मध्ये राज्य मंडळाची दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागले. या मुलांच्या दृष्टीने मोबाइल म्हणजे केवळ चैन कधीच नव्हती. कोणाकडे शाळा पोहोचली आणि कोणाकडे नाही, याची ती खूण होती.

इंटरनेटने मुलाला बोलायला जागा दिली, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु तेथे मताला उत्तर क्वचितच मिळते, मिळते ती पसंतीची संख्या. किती अंगठे वर झाले यावरून मत खरे की खोटे ठरत नाही. शिवाय मुलाला जे आवडते, तेच त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा आणून ठेवणारी यंत्रणा तेथे आहे. त्यामुळे विरुद्ध मत कानावर पडतच नाही. खोडदच्या दुर्बिणीला दूरच्या आकाशगंगेचा क्षीण आवाज ऐकायचा असतो. जवळच्या मोबाइल लहरींचा गलबला झाला की तिचेही ऐकणे बिघडते. मुलाच्या मनाचे तसेच होते.

यावर उपाय म्हणून बंदीची भाषा सुरू झाली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाच्या ग्रामसभेने २०२२ साली अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास मोबाइल व टीव्ही बंद ठेवण्याची प्रथा पडली. ऑस्ट्रेलियाने तर सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास डिसेंबर २०२५ पासून कायद्यानेच मज्जाव केला. यांत वडगावचा मार्ग मला अधिक पटतो. तेथे भोंगा मुलाबरोबर बापालाही लागू आहे. स्वतः फोनवरून मान वर न करणाऱ्याने मुलाचा फोन हिसकावून घ्यावा, यात शिस्त थोडी आणि हुकूम फार असतो.

परंतु भोंग्याने फक्त वेळ मोकळा होतो. त्या मोकळ्या दीड तासात घरातल्या माणसांनी एकमेकांशी बोलायचे की नाही, हे भोंगा ठरवू शकत नाही. मुलाला विचारा : आजचा कोणता धडा आवडला नाही? का? तू पाहिलेल्या त्या बारीत बैलाला मारले होते का? ती बातमी खरी, हे तुला कशावरून वाटते? त्याचे उत्तर चुकेल, उद्धटही वाटेल. तरी ते पूर्ण ऐकावे आणि मग आपले म्हणणे मांडावे. वर्गातही आठवड्याचा एक तास असा ठेवता येईल, की ज्यात उत्तराला गुण नाहीत पण कारण दिलेच पाहिजे. त्यासाठी शासनाचे परिपत्रक लागत नाही.

मित्रहो, आपण नुकतेच त्या वयातून बाहेर आलो आहोत. काही वर्षांनी आपल्यापैकीच कोणी शिक्षक होईल, कोणी पालक, कोणी ग्रामसभेत हात वर करील. तेव्हा समोरच्या पंधरा वर्षांच्या मुलाने ‘माझे मत वेगळे आहे’ असे म्हटले, तर आपल्या तोंडून ‘तुला काय कळतंय?’ निघते की ‘का बरे?’ निघते, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील.