धंद्याला ए.सी. हवा, पण घरगुती की व्यावसायिक?

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ गाढवी नदीवर १९७० साली इटियाडोह धरण पूर्ण झाले. पावसाळ्यात धरण भरले आणि सांडव्यावरून पाणी पडू लागले की ते पाहायला दूरदूरची माणसे येतात. माणसे आली की चहा-नाश्ता, जेवण, फोटो, झेरॉक्स असे धंदे उभे राहतात. अशा धंद्यात उतरणारा आपला होतकरू तरुण बहुधा कर्ज काढून उतरतो. त्यामागे आईची भिशी असते, वडिलांच्या निवृत्तीचा पैसा असतो. म्हणून दुकानात ए.सी. बसवण्याआधी घरातील सर्वांनी बसून थोडा हिशेब करावा, एवढ्यासाठी हा लेख.

बाजारात दोन प्रकार दिसतात. एक घरगुती. खिडकीत बसणारा किंवा भिंतीवर लागणारा स्प्लिट, एक ते दोन टनांचा, सिंगल फेजवर चालणारा. दुसरा व्यावसायिक. छतात बसणारा कॅसेट, उभा टॉवर, किंवा पत्र्याच्या नळातून हवा खेळवणारा डक्टचा. हा बराच मोठा असतो आणि पुष्कळदा थ्री फेज मागतो. गंमत अशी की हे यंत्र मुळात घरासाठी जन्मलेच नाही. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरियर या अभियंत्याने ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखले, कारण दमट हवेत कागद फुगून रंगांची छपाई बिघडत होती. घरात ते फार पुढे आले.

आता ‘टन’ म्हणजे काय ते पाहू. यंत्राचे वजन नव्हे. मासळीचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांना हे चटकन समजेल. सुमारे ९०० किलो बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता चोवीस तासांत खोलीबाहेर फेकणारे यंत्र एक टनाचे. इथेच एक सावधगिरी सांगून ठेवतो : ए.सी.ची थंडी १६ अंशांपर्यंत उतरते, मासळीला शून्याजवळची थंडी लागते. मासळी ठेवायला ए.सी.ची खोली कामाची नाही. तिथे बर्फ आणि थर्माकोलची पेटीच हवी, किंवा डीप फ्रीझर.

माणूस स्वतःही एक शेगडी आहे. स्वस्थ बसलेली वीस गिऱ्हाइके मिळून पाऊण टनाच्या आसपास थंडी खाऊन टाकतात. त्यावर तापलेले टिनाचे छप्पर, दर दोन मिनिटांनी उघडणारे दार, आणि आतच भट्टी असेल तर विचारूच नका. भट्टीचा धूर आणि तेलाची वाफ ए.सी.च्या जाळीवर चिकट थर धरते आणि यंत्राचा श्वास कोंडतो. भोजनालय चालवणाऱ्याने आधी स्वयंपाक वेगळ्या भिंतीआड न्यावा, धूर ओढणारा पंखा लावावा, छताखाली फॉल्स सीलिंग घालावे, मगच ए.सी.चा विचार करावा.

यंत्रावरचे तारे पाहून आपण निश्चिंत होतो. पण त्या लेबलवर वर्षभराच्या विजेचा जो आकडा असतो, तो वर्षाला १६०० तास चालवण्याचा धरलेला असतो. घराला तो पुरतो. दुकान रोज दहा तास, वर्षातले २४० दिवस थंड ठेवायचे तर २४०० तास होतात. म्हणजे लेबलवर १००० युनिट लिहिले असतील तर आपण १५०० धरावेत. शिवाय यंत्राची टनांची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ कडे सरकतो तेव्हा तेच यंत्र कमी थंडी देते आणि जास्त वीज ओढते.

म्हणून माझे मत असे. दहा बाय पंधराची खोली, एका वेळी चार-पाच माणसे, दार बंद राहणारे, म्हणजे फोटो स्टुडिओ, पार्लर, संगणक केंद्र, अशा ठिकाणी दीड टनाचा घरगुती इन्व्हर्टर ए.सी. पुरेसा आहे. छप्पर टिनाचे असेल तर दोन टनांचा घ्यावा. व्यावसायिक यंत्रावर पैसा घालू नये. पंचवीस-तीस माणसे बसणारा हॉल दिवसभर चालवायचा असेल, तर घरगुती यंत्रे क्षणभरही न थांबता राबतात आणि लवकर खचतात. तिथे कॅसेट किंवा टॉवरच घ्यावा.

विजेच्या मीटरकडे मात्र डोळेझाक नको. राहत्या घराच्या एका भागात छोटा धंदा असेल आणि महिन्याचा वापर ३०० युनिट, वर्षाचा ३६०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती दर लागू राहण्याची सवलत वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत दिलेली आहे. चालू आदेशातील मर्यादा महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावी. पण ए.सी. ताशी एक युनिट घेतो असे धरले तरी रोज दहा तासांनी महिन्याचे ३०० युनिट त्याचे एकट्याचेच होतात! घरगुती मीटरवर बेकायदा धंदा चालवल्याचे ठरले, तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने, प्रसंगी मागील बारा महिन्यांची आकारणी होऊ शकते. आधीच अर्ज करून व्यावसायिक जोडणी घेतलेली बरी. उन्हाळी धानाच्या पंपांमुळे दाब कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावावा. अर्थिंग तर हवेच हवे.

वॉरंटी कार्डही वाचावे, बारीक अक्षरांसकट. घरगुती यंत्र दुकानात लावल्यास काही कंपन्या वॉरंटी कमी करतात किंवा नाकारतात. दुकानात लावणार हे विक्रेत्याला आधी सांगून बिलावर तसे लिहून घ्यावे. यंत्र बिघडले आणि कोणी म्हणाले, ‘तुम्ही धंद्यासाठी घेतले, तुम्ही ग्राहकच नाही,’ तर घाबरू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगाराने केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरलेली नाही. स्वतः दुकानात बसणारा माणूस जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो. बिल आणि दुकानाचे कागद तेवढे जपून ठेवावेत.

आणि कूलर? मार्च ते मेच्या कोरड्या उन्हात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, समोरासमोर दोन खिडक्या उघड्या ठेवून, चहा-नाश्त्याच्या उघड्या दुकानाला ए.सी.पेक्षा बरा. वीज थोडी लागते, मिस्त्री गावातच मिळतो. जूनमध्ये हवा ओली झाली की तो नुसती चिकचिक करतो. पण धरणावर गर्दी होते ती नेमकी तेव्हा, आणि सांडव्याचे तुषार अंगावर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला थंड हवा नको, गरम भजी हवी असतात.